टेम्पोतला उंदीर

आपल्या गगनबावड्याचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा! शेतातली बिळं पाण्यानं भरली की उंदीर कोरडी जागा शोधत वर येतात. गोठ्याशेजारी उभा असलेला टेम्पो त्यांना आयतंच घर वाटतं.

आमच्या गटाचा टेम्पो नाचणीचे पापड आणि पोहे बाजाराला नेतो. गेल्या पावसाळ्यात तो महिनाभर जागचा हलला नाही. मग काढला, तर पुढचे दिवे लागेनात. बोनेट उघडलं तर वायरी कुरतडलेल्या आणि एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्यांचं घरटं. हेच करूळ घाटात, धुक्यात झालं असतं तर? ते मनात आलं की अजून पोटात गोळा येतो.

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात. भूक नसली तरी तो कुरतडणारच. म्हणून खाणं उचलायचं, आणि वाटही बंद करायची. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून आत शिरतो. रात्री एकीनं गाडीत बॅटरी लावून बसावं, दुसरीनं बाहेरून, खाली वाकून बघावं. जिथून उजेड दिसला, तीच त्याची वाट. तिथं भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबा. चिंधी किंवा फोम कोंबू नका, त्याचं तो अंथरूण करतो. मात्र विजेच्या वायरीजवळ तार लावू नका, शॉर्ट होईल. ते काम मेकॅनिककडून करून घ्या. बोनेट खालून उघडंच असतं, ते काही बुजवता येत नाही. म्हणून दोन-तीन दिवसांनी बोनेट उघडून बघायचं, गाडी चालू करून थोडी फिरवायची. हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा, उंदरामागं सापही येतो.

आता औषधाचं. उंदीर मारायची ती काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाईड. पोटात गेली की तिचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. खाण्याचा माल वाहणाऱ्या गाडीत ती नकोच. शिवाय मेलेला उंदीर सीटखाली कुजला की वास आठवडाभर जात नाही. डांबरगोळ्यांवरही माझा भरवसा नाही, वर पापडाला त्यांचा वास लागतो. पिंजरा बरा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले दोन दिवस पिंजरा भिंतीलगत उघडाच ठेवा, आत सुकट किंवा शेंगदाणे. तो निर्धास्त झाला की मग खटका लावा.

लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे घालून ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा, दहा मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसा. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. हातापायाच्या चिरेतून, भातलावणीच्या चिखलातूनही तो अंगात शिरतो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं दिसलं तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि उंदरांचं, चिखलातल्या कामाचं डॉक्टरांना आपणहून सांगा. वेळेत औषध मिळालं तर लेप्टो बरा होतो.

झुरळं बहुतेक जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात. आम्ही आता पापड झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांतून नेतो. डबे महाग पडले, पण गेल्या दिवाळीपासून एकही पाकीट कुरतडलेलं निघालं नाही.