‘निर्णय’पाशी अडलेला मुलगा

चौथीच्या वर्गात प्रकट वाचन चाललेलं असतं. एक मुलगा उभा राहतो, ओळीखाली बोट धरतो आणि ‘निर्णय’ या शब्दापाशी थांबतो. ‘न… नी… य…’ मागच्या बाकांवर खसखस पिकते. शेवटी तो अंदाजाने ‘नियम’ म्हणून मोकळा होतो. “बघून वाच रे, लक्ष कुठंय तुझं?” बाई विचारतात.

लक्ष तिथेच असतं, अगदी घाम फुटेपर्यंत.

हा शब्द जरा जवळून पाहावा. बोलताना ‘न’ आधी येतो आणि ‘इ’ नंतर, पण कागदावर वेलांटी पुढे उभी असते. ‘र्’ उच्चारात ‘ण’च्या अगोदर, लिहिताना मात्र रफार होऊन त्याच्या डोक्यावर. बहुतेक मुलांच्या हे हळूहळू अंगवळणी पडतं. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला तोच शब्द दर वेळी नव्याने सोडवावा लागतो. दोष नजरेचा नसतो, बुद्धीचाही नसतो. बोललेल्या शब्दातले सुटे ध्वनी ओळखून ते अक्षरांशी जुळवणं, हे काम त्याला जड जातं. म्हणूनच ‘दहा वेळा लिहून आण’ या शिक्षेने हात तेवढा दुखतो.

ही अडचण सर्वांत आधी हेरणारी व्यक्ती बहुधा शिक्षकच असते. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत मांडली. हुशार, गणितात तरबेज असा हा मुलगा स्वतःचं नाव लिहितानाही मधली अक्षरं उलटी घालायचा, ‘प्रेसी’ होईल अशी. शिकवणी तोंडीच असती तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत मॉर्गन यांनी नोंदवलं आहे. त्या मास्तरांना या अडचणीचं नाव ठाऊक असण्याची गरज पडली नाही. पोराच्या बोलण्यात आणि वहीत पडलेली तफावत त्यांना दिसली, हे फार मोलाचं होतं.

आपल्याकडे २००७च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी नेला. ते फार चांगलं झालं. पण ‘अक्षरं उलटी काढतो तो डिस्लेक्सिक’ एवढंच अनेकांच्या मनात राहिलं. उलटी अक्षरं तर बालवाडीतली कितीतरी मुलं काढतात. मराठी शाळेत खुणा वेगळ्या असतात: वाचनाचा वेग कमी, जोडाक्षराशी दम लागणं, अंदाजाने भलताच शब्द उच्चारणं, उत्तर तोंडी चोख पण वहीत दोनच ओळी. हा इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा प्रश्न आहे, हा समजही तितकाच चुकीचा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही चाचणी हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही तयार केली आहे. तिच्यात पहिली ते पाचवीच्या शिक्षकांना वापरता येतील अशी प्राथमिक तपासणीची साधनं आहेत.

कायदाही शिक्षकाकडेच बोट दाखवतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी मुलांची प्राथमिक तपासणी करायची असते. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण दहावीच्या तोंडावर धावाधाव करून मिळवलेल्या सवलतीने मधली सात-आठ वर्षं ‘ढ’ म्हणून ऐकलेलं कसं पुसणार?

वर्गात करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला खर्च फारसा नाही. उद्या वाचायचा परिच्छेद आजच सांगून ठेवावा. इतिहासाच्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नयेत. शब्द कानाने, डोळ्याने आणि बोटाने एकाच वेळी शिकवावा. एके काळी आपल्याकडे मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवत, ती पद्धत इथे उपयोगी पडते.

ताटात रवा पसरायचा. आधी शब्द नुसता बोलायचा, टाळी वाजवत: निर्, णय. मग ‘ण’ काढायचा. आता ‘र्’ कुठे बसेल, असं विचारलं की मुलगा क्षणभर थांबतो, पुन्हा ‘निर्’ पुटपुटतो आणि बोट ‘ण’च्या डोक्यावर नेतो.