विश्लेषण : मुंबई वर्षाला किती कार्बन सोडते? हा हिशेब मांडतात तरी कसा?

मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. त्याचा पाया म्हणजे २०१९ चा ताळेबंद. त्या वर्षी मुंबईने सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू सोडले, म्हणजे माणशी जवळपास १.८ टन. हा आकडा आला कुठून?

मोजणी कशी होते?

हवेत यंत्रे लावून नव्हे, तर वापराच्या नोंदींवरून. किती वीज वापरली, किती पेट्रोल, डिझेल, गॅस जाळला, किती कचरा टाकला याची माहिती जमवून तिला ‘उत्सर्जन गुणांका’ने गुणतात. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. देशाच्या ग्रिडमधील एक युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो. म्हणजे महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराच्या खात्यावर ७० किलो जमा.

मिथेनचे काय?

ओला कचरा कुजला की मिथेन सुटतो. १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, २० वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून अधिक. कालावधी कोणता धरला, यावर कचराभूमीचा वाटा लहान किंवा मोठा दिसतो.

यातून काय कळले?

शहराच्या उत्सर्जनात ऊर्जेचा वाटा ७२ टक्के, वाहतुकीचा २० आणि कचऱ्याचा ८ टक्के. रस्त्यावरचा धूर डोळ्यांत भरतो, पण मोठा भार आहे तो प्रामुख्याने घरे, कार्यालये, दुकानांतील वीज आणि इंधनाचा. ई-बसचे गणितही इथेच उलगडते. तिच्यातून धूर निघत नाही, पण चार्जिंगची वीज कोळशाची असेल, तर उत्सर्जन वाहतुकीऐवजी विजेच्या रकान्यात जाते. ते घटते, पण शून्य होत नाही. म्हणूनच बसइतकीच वीज कुठून येते हेही महत्त्वाचे.

हिशेब किती पक्का?

तो अंदाजच असतो. उघड्यावर जाळलेला कचरा किंवा चुलीतले लाकूड कोणत्याही बिलात येत नाही. तरीही दरवेळी पद्धत तीच ठेवली, तर घट झाली की वाढ, हे कळते. २०३० पर्यंत ३० टक्के कपात म्हणजे वर्षाला सुमारे ७० लाख टन. ती खरोखर झाली का, हे पुन्हा मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.