डोली, ट्रॉली आणि पायऱ्या

गतवर्षी थोरल्या ताईंना घेऊन मलकापूरहून रेल्वेने नाशिकला गेलो होतो. त्यांचे वय ७६. मांगीतुंगीची वंदना त्यांनी पूर्वी एकदा डोलीतून केली, त्याचे शल्य त्यांच्या मनातून गेलेले नाही. ‘दुसऱ्या जीवाच्या खांद्यावर बसून मी कोणते पुण्य जोडले?’ असे त्या विचारतात. सोबतच्या शेजारी कुटुंबाला वणीच्या सप्तशृंगी देवीचे दर्शन घ्यावयाचे होते. आम्हा भावंडांना तेथील ट्रॉली पाहावयाची होती.

गडावरील गावापासून मंदिरापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. २०१८ मध्ये येथे फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि हा चढ काही मिनिटांचा झाला. ‘देशातील पहिली’ असे तिचे वर्णन होते. मात्र तमिळनाडूतील पळणीच्या टेकडीवर याच जातीची ‘विंच’ १९६० च्या दशकापासून भाविकांना वर नेत आहे, तेव्हा हा मान थोडा जपूनच द्यावा.

पुष्कळ लोक तिला रोप-वे म्हणतात. रोप-वेचा पाळणा हवेत लोंबकळतो. ही गाडी रुळांवरच चालते. तिचे तत्त्व आपल्या व्यापारी वाचकांना चटकन उमजेल. एकाच दोराच्या दोन टोकांना दोन डबे, दोर वरच्या स्थानकातील चाकावरून गेलेला. एक डबा उतरतो तेव्हा दुसरा चढतो. खातेवहीतील नावे-जमेप्रमाणे दोन्ही डब्यांचे वजन परस्परांत वळते होते आणि मोटारीला केवळ बाकी उरलेला फरक व घर्षण एवढेच ओढावे लागते. उतारावरही प्रवासी सपाट जागी उभे राहावेत म्हणून डब्याची जमीन पायऱ्यापायऱ्यांची असते.

या विद्येत जपानने मोठी मजल मारली आहे. तेथे ‘केबल कार’ म्हणतात ती हीच. तेथील पहिली १९१८ मध्ये इकोमा पर्वतावर, होझान-जी मंदिराच्या यात्रेकरूंसाठी धावली. कोयासान या मठांच्या पर्वतावर १९३० मध्ये आलेली गाडी सुमारे पाच मिनिटांत वर पोहोचविते. टोकियोजवळच्या ताकाओ पर्वतावरील चढ तर ३१ अंशांपर्यंत जातो. पुढे महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा अशा कित्येक गाड्यांचे रूळ ‘अनावश्यक’ ठरवून उखडले गेले. क्योतोजवळील आतागो पर्वतावरची गाडी १९४४ मध्ये बंद पडली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. भाविक मात्र आजही तो पर्वत पायी चढतात.

मला सर्वाधिक भावले ते कुरामा मंदिराचे उदाहरण. जेमतेम दोनशे मीटरची ही गाडी मंदिर स्वतः चालविते आणि प्रवाशांकडून घेतले जाते ते भाडे नव्हे, देणगी समजली जाते. उलट सप्तशृंगीचा प्रकल्प ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावरचा. तेथे तिकिटातून भांडवल वसूल व्हावयाचे असते. कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला दुसरी पद्धत ओळखीची वाटते, पण आपल्या तीर्थांच्या बाबतीत मन पहिलीकडेच ओढ घेते.

आपल्या तीर्थांवर असे काही असावे काय? गिरनारवर २०२० मध्ये रोप-वे झाला. तो अंबाजीपर्यंत जातो. नेमिनाथांच्या मंदिरांसाठी तेथून पायऱ्या उतराव्याच लागतात. आपले साधू-साध्वी पायीच विहार करतात, तेव्हा प्रश्न केवळ श्रावकांचा, त्यातही वृद्धांचा. चढण्याचे कष्ट हेच तप, असे धडधाकट माणसाने म्हणावे. ज्याचे गुडघे गेले त्याला ते ऐकविणे मला कठोर वाटते. परंतु डोलीवाल्यांचे काय, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. ट्रॉली आली की त्यांच्या खांद्यावरचा भार उतरेल आणि चुलीवरचा तवाही.

वर पोहोचल्यावर ताई बराच वेळ खाली जाणारा डबा पाहत होत्या. ‘कोणी दमलेले दिसत नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परतीपूर्वी त्यांच्या आग्रहास्तव म्हसरूळच्या गजपंथाला गेलो. पायथ्याशी डोली विचारू का, असे मी म्हणताच त्यांनी मान हलविली. माझा हात धरून चाळीस पायऱ्या चढल्या, तेथेच बसल्या आणि वर पाहून त्यांनी वंदना केली.