एकाच गांवांतील दुबार नोंदी व त्यांची निशाणी

शेतकी आंकड्यांत एकच नोंद दोनदां शिरणें ही बाब क्षुल्लक दिसते; परंतु तिचा परिणाम थेट सरासरीवर होतो. समजा, एका गांवांत सर्व्हे नंबर १२ मध्यें ज्वारी एकरीं ६ क्विंटल व १५ मध्यें ९ क्विंटल पिकली. सरासरी ७॥ क्विंटल झाली. नंबर १२ ची नोंद दोनदां उतरल्यास हीच सरासरी ७ वर येते. शेतांत कणीसभरही घट नसतां कागदावर अर्धा क्विंटल उणा होतो, आणि त्यावरून वाण निवडणाऱ्यास चांगलें वाण हलकें भासतें.

उलटपक्षीं, नंबर १२ शेजारच्या गांवांतही असावयाचाच. त्यास दुबार ठरविणें योग्य नव्हे. म्हणून तपासणी गांववार झाली पाहिजे.

सांप्रत हें काम संगणकावर होतें. त्यासाठीं एसएएस ही आज्ञावली सोयीची असून तिचा उगमच शेतकीच्या आंकड्यांत आहे. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठांत १९६६ पासून शेतकी आंकड्यांच्या पृथक्करणार्थ ती रचली गेली.

रीत अशी: नोंदी प्रथम गांवानुसार व गांवांत सर्व्हे नंबरानुसार क्रमानें लावाव्या. मग प्रत्येक गटाच्या पहिल्या ओळीस 'फर्स्ट' व शेवटल्या ओळीस 'लास्ट' अशी १ ची खूण मिळते; इतरत्र ० राहतें. ज्या ओळीस दोन्ही खुणा आहेत ती एकटी. एकही खूण उणी असल्यास तिला जोडीदार आहे असें समजून पुढें 'दुबार' अशी निशाणी करावी. आर या भाषेंतील 'डुप्लिकेटेड' ही आज्ञा मात्र पहिली नोंद सोडून पुढल्यांसच खूण करते. सर्व जोडी पाहावयाची असल्यास यादी शेवटाकडूनही तपासावी लागते.

क्रम लावण्यापूर्वीं लेखन एकसारखें करावें. '१२/१' व '१२-१' हीं मनुष्यास एक वाटलीं तरी यंत्रास दोन आहेत.

निशाणी दिसतांच नोंद खोडूं नये. एका सर्व्हे नंबरांत दोघे भाऊ खातेदार असूं शकतात. खरीप व रब्बी अशीं दोन पिकेंही निघतात. खातेदार, हंगाम व पीक ताडून पाहावें, गांवीं विचारावें, आणि सर्व जुळलें तरच एक नोंद काढावी. दुबार नोंदीनें सरासरी बिघडते; परंतु खरी नोंद खोडल्यास एका शेतकऱ्याचे वर्षाचे कष्टच हिशेबांतून नाहींसे होतात.