विश्वामित्रीतल्या मगरींचं पोट भरतं कसं?

बडोद्याला कुणी पाहुणा आला तर त्याला हिवाळ्यातल्या सकाळी काळाघोड्याजवळच्या पुलावर न्यावं. खाली विश्वामित्रीच्या चिखलात एखादा ओंडका पडलेला दिसतो, आणि थोड्या वेळानं तो ओंडका जबडा उघडतो. आपल्याला याचं नवल उरलेलं नाही. पण भरवस्तीतून वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी पोट कशानं भरतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

निसर्गातला हिशेब तसा कडक. झाडं आणि शेवाळं उन्हातली जेमतेम एखादा टक्का ऊर्जा अन्नात साठवतात. पुढे खाणाऱ्याच्या अंगी लागतो साधारण दहावा हिस्सा. बाकीचा श्वासात, हालचालीत, उष्णतेत आणि विष्ठेत जातो. शेवाळ्यात हजार उष्मांक असतील तर ते खाणाऱ्या किड्यांत शंभर, छोट्या माशांत दहा आणि त्यांना गिळणाऱ्यात एकच. अमेरिकेतल्या मिनेसोटामधलं एक तळं पाच वर्षं अभ्यासून रेमंड लिंडमन या तरुणानं ऊर्जेची ही उतरंड मांडली. त्याचा निबंध 1942 साली छापून आला, पण तो पाहायला तो नव्हता. अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला.

वाघ थोडे का, याचं उत्तर याच हिशेबात आहे. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी पन्नासेक जनावरं लागतात. कळप न घटता तेवढी मिळायची, तर रानात पाचशेच्या आसपास जनावरं हवीत. मग या नदीत 2025 च्या मोजणीत चारशेहून जास्त मगरी कशा सापडल्या?

एक कारण मगरीच्या रक्तात आहे. आपण जेवतो त्यातला मोठा वाटा अंग ऊबदार ठेवण्यातच जळतो. मगर ही ऊब फुकट मिळवते, थेट उन्हातून. थंडीत ती काठावर पसरते ती आळसानं नाही. अंग तापल्याशिवाय पोटातलं पचत नाही. म्हणून तेवढ्याच वजनाच्या वाघसिंहाच्या मानानं तिला अन्न फारच कमी लागतं, आणि एकदा पोटभर मिळालं की कित्येक आठवडे ती उपाशी राहू शकते. काटकसर शिकावी ती हिच्याकडून!

दुसरं कारण आपण स्वतः. नदीत फक्त नदीचं ऊन उतरत नाही. नाल्यांतून खरकटं येतं, सांडपाणी येतं, कधी मेलेलं जनावरही येतं. दूरच्या शेतात पिकलेल्या गव्हाची ऊर्जा आपल्या ताटातून गटारात जाते आणि घाणीतही तगणारे मासे त्यावर पोसतात. उकिरड्याच्या वासानं कुत्री-डुकरं काठावर उतरतात, त्यांतलं एखादं मगरीच्या तोंडी जातं. थोडक्यात, शहरानं तिच्यासाठी बाहेरून डबा लावून दिला आहे.

ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी रस्त्यांवर आणि सोसायट्यांच्या आवारात आल्या, तेव्हा ‘या सगळ्या उचलून दुसरीकडे सोडा’ असं पुष्कळांनी म्हटलं. भीती खरी आहे. काठावर गेलेली माणसं मगरींनी धरलीही आहेत. पण मला ही मागणी अर्धवट वाटते. डबा चालूच राहिला तर रिकाम्या जागेवर दुसरी मगर येणार. काठावरचा कचरा थांबला तर कुत्री-डुकरं कमी येतील, मगरींनाही पाण्याबाहेर दबा धरून बसायचं कारण कमी उरेल. कदाचित मगरीही कमी होतील, आणि हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवं.

पुरानंतर नदी रुंद आणि खोल करायचं काम निघालं. त्यात वेळेला फार महत्त्व आहे. मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि पावसाळ्याच्या सुमारास पिल्लं बाहेर येतात. कोरड्या नदीत यंत्रं उतरवायला सोयीचे महिनेही नेमके तेच असतात.