धावपटूंच्या बुटातील पादाधार : सांध्यांवरील भार आणि दुखापतीचा धोका

प्रस्तावना :
धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट प्रतिक्रियाबल जमिनीकडून पायावर येते. हा भार सुसह्य व्हावा म्हणून बुटात विशिष्ट आकाराचे पादाधार, म्हणजेच ऑर्थोटिक, घातले जातात. सपाट तळपाय असणाऱ्या खेळाडूंना तर दुखापत नसतानाही त्यांची शिफारस केली जाते. या शिफारशीस शास्त्रीय आधार कितपत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पारंपरिक भूमिका :
पाऊल टेकल्यानंतर ते किंचित आतील बाजूस झुकणे नैसर्गिक असून त्यामुळे धक्का सौम्य होतो. हे झुकणे प्रमाणाबाहेर गेल्यास दुखापत होते, म्हणून पाऊल योग्य रेषेत आणावे, असा विचार १९७० च्या दशकात अमेरिकेतील पादचिकित्सक मर्टन रूट यांच्या कार्यामुळे रूढ झाला. तथापि, पादाधारामुळे टाचेच्या झुकण्यात पडणारा फरक काही अंशांपुरताच असतो व तो व्यक्तिपरत्वे बदलतो, असे मोजमापांतून दिसून आले. कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी २००१ मध्ये वेगळी मांडणी केली. शरीर आपल्या पसंतीची हालचाल कायम राखू पाहते; त्यामुळे पादाधाराने हाडांच्या दिशेपेक्षा स्नायूंचे काम अधिक बदलते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भाराचे स्थानांतर :
सांध्यावरील भार केवळ बलावर नव्हे, तर बलाची रेषा सांध्यापासून किती दूर जाते यावरही अवलंबून असतो. आतील कड उंच असलेल्या पादाधारामुळे बलाचा बिंदू तळपायाच्या आतील बाजूस सरकतो. परिणामी घोट्याच्या आतील बाजूच्या स्नायूंचे श्रम कमी होतात. मात्र तीच बलरेषा गुडघ्यापासून आतील दिशेने अधिक दूर जाऊ शकते आणि गुडघ्याच्या आतील भागावरील भार वाढू शकतो. म्हणजेच पादाधार भार नाहीसा करीत नाही. तो एका ठिकाणाहून दुसरीकडे नेतो.

दुखापतीविषयीचा पुरावा :
डेन्मार्कमध्ये ९२७ नवोदित धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर निरीक्षण करण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाऊल आत झुकणाऱ्यांना दुखापतीचा अधिक धोका आढळला नाही. दुसरीकडे, २०१७ मधील एका पद्धतशीर आढाव्यानुसार पादाधारांमुळे एकूण दुखापतींचा धोका २८ टक्क्यांनी व ताणजन्य अस्थिभंगाचा ४१ टक्क्यांनी घटला. मऊ ऊतींच्या दुखापतींत मात्र निश्चित घट दिसली नाही. केवळ धक्का शोषणाऱ्या मऊ तळव्यांचा उपयोगही सिद्ध झाला नाही. यातील बहुसंख्य प्रयोग लष्करी प्रशिक्षणार्थींवर झालेले असल्याने ते निष्कर्ष हौशी धावपटूंना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

निष्कर्ष :
तळपायाची कमान पाहून सरसकट पादाधार सुचविणे समर्थनीय ठरत नाही. भार कोणत्या अवयवावरून कमी करावयाचा आहे, हे प्रथम निश्चित व्हावे. नडगी किंवा घोट्याच्या तक्रारीत उपयुक्त ठरणारे साधन गुडघा दुखणाऱ्यास प्रतिकूल ठरू शकते. म्हणून क्रीडा मार्गदर्शकांनी पूर्वीच्या दुखापती, सरावातील अचानक वाढ आणि पादाधार घातल्यावर खेळाडूस वाटणारी सोय या बाबी आधी विचारात घ्याव्यात. पादाधार ही विशिष्ट तक्रारीवरील उपाययोजना आहे. ते प्रत्येक धावपटूचे संरक्षक कवच नव्हे.