कॅम्पसबाहेरच्या कामाची परवानगी: ऐकीव गोष्टी आणि खरा नियम

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाच्या घरी पैशांची ओढाताण सुरू झाली की सल्ला द्यायला सगळ्यात आधी रूममेट पुढे येतो. "अमुक हॉटेलात रोख पैसे देतात, कागदावर काही येत नाही." पाठोपाठ दुसरा सल्ला: "कॉलेजला कळू देऊ नकोस, व्हिसा जाईल." दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि पहिला तर मुलाचं शिक्षणच बुडवू शकतो.

व्हिसा घेताना पैसे आहेत असं दाखवलं, आता नाहीत म्हटलं तर आपण खोटे ठरू, ही भीती पुष्कळांना असते. वास्तविक विद्यार्थ्यांच्या एफ-1 व्हिसाच्या नियमांतच या प्रसंगाची सोय केलेली आहे. आधी कल्पना नव्हती आणि आपल्या हातातही नव्हतं, अशा कारणाने गंभीर आर्थिक अडचण आली, तर कॅम्पसबाहेर काम करण्याची परवानगी मागता येते. स्वतःची चूक नसताना शिष्यवृत्ती किंवा कॅम्पसवरचं काम जाणं, चलनाच्या दरात मोठी उलथापालथ, फी किंवा राहण्याच्या खर्चात अवाच्या सवा वाढ, खर्च उचलणाऱ्या माणसावर आलेलं संकट, दवाखान्याची मोठी बिलं ही कारणं नियमातच उदाहरणादाखल दिली आहेत. चलनाचंच बघा: 2013 च्या मे महिन्यात डॉलर साधारण 55 रुपयांना होता, ऑगस्टअखेर तो 68 च्या वर गेला. वीस हजार डॉलरच्या फीसाठी 11 लाख लागायचे, तिथे 13 लाख 60 हजार लागू लागले.

पण 'रुपया घसरला की परवानगी मिळालीच' हेही खरं नाही. पैसे पहिल्यापासूनच अपुरे होते किंवा कर्जाचा हप्ता कधी सुरू होणार हे ठाऊक होतं, तर ती अडचण अनपेक्षित ठरत नाही. दर बदलल्याने घरच्या हिशेबात नेमकी किती तूट आली, हे कागदावर दाखवावं लागतं.

समजा, निफाडच्या एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा ओहायोत एमएस करतो आहे. फेब्रुवारीत गारपीट झाली, ऐन काढणीला आलेली बाग गेली. तलाठ्याने केलेला पंचनामा, बँकेचं खातं, आधीच्या वर्षीच्या द्राक्षविक्रीच्या पावत्या हा त्याचा पुरावा. "मराठी कागद तिथे कोण वाचणार?" असं म्हणून तो बाजूला ठेवू नये. सोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सही करून लिहून द्यायचं. सरकारमान्य भाषांतरकारच हवा, अशी अट नाही.

अटी मात्र आहेत. एफ-1 दर्जात एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं हवं, म्हणजे पहिल्या वर्षात हा मार्ग बंद. पूर्णवेळ शिक्षण चालू आणि निकाल समाधानकारक हवा. कॅम्पसवर काम मिळत नाही किंवा मिळतं ते पुरत नाही, हेही दिसायला हवं.

"डीएसओने हो म्हटलं, उद्यापासून कामावर," हा गैरसमज फार महागात पडतो. डीएसओ म्हणजे विद्यापीठातला, परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणारा अधिकारी. तो फक्त शिफारस करतो आणि तशी नोंद असलेला आय-20 हा विद्यार्थी दर्जाचा कागद देतो. शिफारशीनंतर 30 दिवसांच्या आत आय-765 हा अर्ज शुल्कासह यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडे जायला हवा. निर्णय त्यांचा. त्याला काही महिने लागू शकतात आणि ईएडी हे कामाच्या परवानगीचं कार्ड हातात येईपर्यंत एक तासही काम करायचं नाही.

नोकरी आधी मिळालेली असावी लागत नाही, की ती आपल्या विषयातली असावी लागत नाही. संगणकशास्त्राच्या मुलीने पुस्तकांच्या दुकानात काम केलं तरी चालतं. पदवीनंतर आपल्या विषयात काम करण्याची जी परवानगी मिळते, त्या ओपीटीतून यातला एक दिवसही वजा होत नाही. पूर्णवेळ सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेलं काम, बारा महिने केली तर त्या पातळीवरची ओपीटी जाते, हा वेगळा नियम लोक इथे चिकटवतात. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे, सुट्टीत पूर्णवेळ चालतं. परवानगी एका वेळी जास्तीत जास्त वर्षाची असते आणि दुसऱ्या विद्यापीठात गेलं की संपते.

आता त्या रोखीच्या कामाविषयी. पगार बँकेत जमा झाला नाही म्हणून काम केलं नाही असं होत नाही. विनापरवाना काम म्हणजे विद्यार्थी दर्जाचा भंग. इतर काही चुकांमुळे गेलेला दर्जा परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो, पण विनापरवाना काम केलेल्याला तो मार्ग बंद असतो. दिवसाच्या साठ-सत्तर डॉलरसाठी केवढी ही किंमत! हे त्या मुलांना वेळेवर कुणी सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं.

आणि घरच्यांनाही एक विनंती. "त्याची परीक्षा आहे, आत्ता काही सांगू नका," असं म्हणून आपल्याकडे वडिलांचं ऑपरेशनसुद्धा लपवलं जातं. मुलाला कळतं तेव्हा फीची तारीख चार दिवसांवर असते आणि पुढे अर्ज, मग महिनोन्महिने वाट. पंचनामा झाला, नोकरी सुटल्याचं पत्र आलं, दवाखान्याचं बिल हातात पडलं, तर त्याच संध्याकाळी त्याचा फोटो मुलाला पाठवा, आणि मूळ कागद फायलीत लावा.